दुसरी रेघ

९ जुलै

पुण्यात अकरा वर्षं एका सोसायटीच्या गेटवर बसून रजिस्टर लिहिलं, त्यामुळे हाताला लिहायची सवय आहे. कोण आलं, किती वाजता आलं, कुणाकडे गेलं. आता गेट स्वतःचं आहे. दहा गुंठ्यांचं शेडनेट, आत ढोबळी मिरचीची बावीसशे रोपं आणि दाराशी खुर्ची टाकून मी. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर वेगळं ठेवलं आहे. ही वही माझी एकट्याची.

मोसंबीची बाग वाळली ती मे महिन्यात काढून टाकली. तीर्थपुरीच्या अंगाला अशा बऱ्याच गेल्या. त्या जागी कंपनीचा बियाण्याचा प्लॉट घेतला. यातली मिरची बाजारात जात नाही, तिच्या पोटातलं बी काढून कंपनीला द्यायचं. बायको दैवशाला म्हणाली, "एक साल बघू. जमलं तर तुमचं पुणं कायमचं सुटलं." नाही जमलं तर काय, ते ती बोलली नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीचा निरोप आहे की दिवाळीपर्यंत जागा ठेवतो, मग दुसरा माणूस बघतो. मला त्या गेटवर परत जायचं नाही. वर्षातून दोनदा घरी यायचं आणि दोन्ही वेळा पाहुण्यासारखं जेवायचं, हे आता या वयात होणार नाही.

२१ जुलै

कंपनीचा हरिओम येऊन गेला. सव्वीस-सत्तावीसचा असेल, मला काका म्हणतो, पण नियम सांगताना हेडमास्तर होतो. बाहेरची चप्पल आत नाही. पहिलं दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. तंबाखू, गुटखा, बिडी बिलकुल नाही. मी त्याच दिवशी पत्र्यावर बोर्ड रंगवला, 'तंबाखू खाऊन आत येऊ नये. हुकमावरून.' लोक कोपऱ्याकोपऱ्यांत थुंकतात, हे मी सोसायटीच्या जिन्यात अकरा वर्षं बघितलं आहे.

माझं म्हणाल तर मी तंबाखू सोडली आहे. म्हणजे दैवशालापुरती सोडली आहे. मागच्या साली दाढेपाशी पांढरा डाग आला, जालन्याच्या डॉक्टरनं डोळे वटारले, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती दोन महिने पाळली. आता शेडनेटबाहेरच्या पाण्याच्या टाकीमागे एक तुटका पाइप पडला आहे, त्यात पुडी आणि चुन्याची डबी असते. दिवसातून तीन-चार वेळा जातो. शेडनेटच्या आत कधी खात नाही, त्यामुळे नियम मोडला असं होत नाही.

तिथून टाकीकडच्या दारानं आत आलो की सगळ्या ओळींतून एक चक्कर मारतो. पानं उलटून बघतो, वाकडी फांदी सरळ करतो. मालकाचा हात फिरला की पिकाला कळतं.

५ ऑगस्ट

आजपासून क्रॉसिंग. नऊ बाया आल्या. कळी उमलायच्या आधी चिमट्यानं उघडायची, आतले नर केसर काढून टाकायचे, मग दुसऱ्या जातीचा पराग लावायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा असलेलं फळच बियाण्याला चालतं. मी एका कळीवर प्रयत्न केला, कळीच हातात आली.

मालनबाई यांची म्होरकी. पन्नाशी ओलांडलेली, आठ वर्षं दुसऱ्यांच्या प्लॉटवर हेच काम केलेली. अकरावी आणि बारावी ओळ तिनं स्वतःहून मागून घेतली, तिथं उजेड चांगला आहे म्हणे. दात काळे आहेत म्हणून विचारलं, तर सरळ म्हणाली, "मिश्री लावते भाऊ, सकाळी घरी. हात साबनानं धुऊन येते. इथं पुडी आनत न्हाई." बाकीच्या बायांच्या पिशव्या मी रोज तपासतो, हिची दोनदा तपासतो. मिश्री म्हणजे शेवटी तंबाखूच, म्हणून रजिस्टरात तिच्या नावापुढे 'मिश्री' असं लिहून ठेवलं आहे.

१२ ऑगस्ट

शहागडचे आमचे साडू मच्छिंद्र यांच्या नंबरवरून 'पीकविमा यादी' अशी फाइल आली. उघडली. परवानगी द्या, परवानगी द्या असं चार-पाच वेळा विचारलं. सगळीकडे होय दाबलं. यादी काही दिसली नाही. फोन मात्र तापला आहे.

१३ ऑगस्ट

सकाळपासून फोनवर फोन. "कल्याणराव, यादी उघडून नाही राह्यली." "भाऊ, माझा फोन बंदच पडला." मी कुणालाच काही पाठवलं नव्हतं. तरी माझ्या नावानं ती फाइल तीनशे लोकांना गेली होती. साडूंना, भजनी मंडळाला, सोसायटीच्या सेक्रेटरीलासुद्धा.

तीर्थपुरीला मिथुनच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. त्यानं आधी इंटरनेट बंद केलं, माझ्याकडून बँकेत फोन लावून खातं थांबवलं, मग सगळा फोन पुसून काढला. खात्याला धक्का लागला नव्हता, तेव्हा कुठं मी स्टुलावर बसलो.

"काका, ही यादी न्हाई, अ‍ॅप आहे," तो म्हणाला. "ह्याला कुलूप तोडावं लागत न्हाई. तुमच्या फोनमधले नंबर घेतं आन् तुमच्या नावानं पुढं जातं. लोकं तुमचं नाव बघून आपल्या हातानं दार उघडतात. जेवढा तुमच्यावर भरोसा, तेवढं ते जल्दी पसरतं."

"पण मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम कोन करतंय? ज्याच्याकडून आलं त्यानं बी न्हाई केलं. आता ग्रुपवर टाका, माझ्या फोनमधून चुकीची फाइल गेली, उघडू नका म्हणून. आत्ताच टाका. जितका टाइम लावाल तितके फोन जातील."

मी दुकानातच मेसेज केला. 'सध्या काही लोकांच्या फोनवरून चुकीची फाइल फिरत आहे, सर्वांनी सावध राहावे.' मिथुननं तो वाचला आणि माझ्याकडे बघितलं. माझं नाव घालायची काय गरज आहे, मतलब सावध करण्याशी.

१४ ऑगस्ट

मालनबाईचाही फोन गेला. "तुमचं नाव दिसलं म्हनून उघडलं," म्हणाली. तिच्या नातीचे सगळे फोटो त्यात होते. मी म्हटलं, फार वाईट झालं, लोक कुठलीही फाइल उघडतात. ती म्हणाली, "जाऊ द्या. नात हाय ना घरी." आणि कामाला लागली. मनाला लागलं.

२२ ऑगस्ट

पहिल्या ओळीत टाकीच्या बाजूची चार झाडं विचित्र दिसतात. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे, शेंडा आखडलेला. तिसऱ्या ओळीत दोन. लोह कमी पडलं असेल म्हणून फवारणी केली. प्रत्येक झाड हातानं नीट चाचपून पाहिलं, मग शेजारची झाडंही तशीच चाचपली, त्यांना काही नाही.

२६ ऑगस्ट

वाईट दिवस. हरिओमनं चट्ट्याचं पान एका छोट्या पिशवीत पाण्यात चुरगाळलं आणि त्यात एक पट्टी बुडवली. कोरोनात नाकातलं घेऊन करायचे तशीच पट्टी. "एक रेघ आली तर झाड चांगलं. दोन आल्या तर व्हायरस," म्हणाला. पहिली रेघ लगेच उमटली. दुसरी सावकाश आली, पण आली.

चौदा झाडं पिशव्यांत घालून उपटली आणि बांधाच्या पलीकडे जाळली. हरिओमनं सगळ्यांना उभं करून सांगितलं. "हा मावा-तुडतुड्यानं येत न्हाई, हातानं येतो. बिमार झाडाचा रस बोटाला लागला आन् तेच बोट चांगल्या झाडाला लागलं की झालं. चिमट्यानं जातो, दोऱ्यानं जातो, अंगावरच्या कपड्यानं जातो. आन् पहिल्यांदा आत येतो तो बहुतेक तंबाखूतून. वाळल्या पानात वर्षानुवर्षं जिता राह्यतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, शंभर झाडं गेली की कंपनी प्लॉट रद्द करती. सगळा उपटून टाकावा लागतो."

शंभर. चौदा तर आजच गेली.

"तंबाखू कोन खातं?" त्यानं विचारलं. नऊ बायांनी पायाकडे बघितलं. मी रजिस्टर उघडलं आणि मालनबाईच्या नावापुढचं वाचून दाखवलं.

ती रडली-भेकली नाही. "माझ्या अकरा-बारा ओळीत एक तरी झाड बिमार हाय का, ते बघा," एवढंच म्हणाली. नव्हतं, हे खरं आहे. पण योगायोग असतात. उद्यापासून येऊ नका, असं मी सांगितलं. तिनं चिमटा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "धुऊन ठिवा भाऊ."

खोटं कशाला लिहू, क्षणभर मला माझी पुडी आठवली. पण मी चुना लावून मळतो. चुन्यात काही जगत नाही, झाडांच्या बुंध्याला रोग येऊ नये म्हणून आपण तोच तर फासतो. शिवाय मी कळीला हात लावत नाही, मी फक्त देखरेख करतो.

२८ ऑगस्ट

हरिओमच्या सांगण्यावरून प्रत्येक ओळीच्या तोंडाशी दुधाच्या पावडरीची बादली ठेवली. दर अर्ध्या तासानं बाया हात बुडवतात. दुधानं म्हणे व्हायरसचा जोर जातो. शेजारचे अप्पाराव बांधावर उभे राहून म्हणाले, "काय कल्याण, मिरचीला दूध पाजून राह्यला का?" गावात चहाला घोटभर दूध जपून घालतात आणि इथं बादल्या भरल्या आहेत, त्यामुळे त्यांना हसू येणारच.

मी सकाळी सगळ्यांसमोर एकदा हात बुडवतो. परत परत बुडवायची गरज बायांना, त्यांचे हात दिवसभर झाडात असतात.

अकरावी-बारावी ओळ मीच घेतली. आता कळी तुटत नाही. दोरा बांधायला कात्री शोधत बसायला नको म्हणून दातानं तोडतो, काम झटपट होतं. दैवशाला पलीकडच्या ओळीतून बराच वेळ बघत होती. मी म्हटलं, बघ, शिकलो की नाही. ती पुढच्या झाडाकडे वळली.

५ सप्टेंबर

एकूण एकोणपन्नास. मालनबाईला काढून दहा दिवस झाले, तरी थांबत नाही.

आज कागदावर नकाशा काढला. प्रत्येक बिमार झाडाला फुली. बहुतेक फुल्या टाकीच्या बाजूनं सुरू होतात आणि मधल्या वाटेनं पुढच्या दारापर्यंत येतात. म्हणजे रोग टाकीकडून येतो, हे मी शोधून काढलं. एक तर पाण्यात दोष आहे, नाही तर अप्पारावांच्या वांग्यांवरून वारा आणतो. पाण्याची बाटली तपासायला जालन्याला पाठवली. टाकीवर नजर ठेवावी म्हणून आता दिवसातून सहा-सात वेळा तिथं जाऊन बसतो. काळजीनं डोकं फुटायला आलं आहे, तेवढीच एक चिमूट आधाराला.

९ सप्टेंबर

चौऱ्याहत्तर. त्यातली एकोणीस अकराव्या आणि बाराव्या ओळीत.

हे कसं झालं कळत नाही. या दोन ओळी इतके दिवस साफ होत्या. माझ्या मनात आलं, मालनबाई रागानं कधी लपून आत आली असेल का? रजिस्टर पुढून मागून चाळलं. तिची नोंद नाही. त्या ओळींत माझ्याशिवाय कुणी गेलंच नाही. पाण्याचा रिपोर्ट आला, पाणी चांगलं आहे. आज जेवण गेलं नाही. पुण्याची ती खुर्ची डोळ्यांपुढून हलत नाही.

१० सप्टेंबर

हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

हरिओम आला. झाडं मोजली आणि म्हणाला, "काका, अजून पंधरा दिवस बघतो. त्याच्यापुढं माझ्या हातात काही न्हाई." तेवढ्यात दैवशाला कागदाच्या दोन पुड्या घेऊन आली. पहिल्या पुडीत काळी भुकटी होती. "ही मालनबाईची मिश्री. काल तिच्या घरी जाऊन मागून आणली. हिला तुमची पट्टी लावून बघा."

हरिओमनं भुकटी भिजवली, पट्टी बुडवली. एक रेघ आली. आम्ही थांबलो. दुसरी आली नाही. तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मिश्री तव्यावर जळून काळी करतात. त्याच्यात काय उरणार? हे मला त्याच दिवशी सुचायला पायजे होतं."

दैवशालानं दुसरी पुडी पुढे केली. मी तो कागद ओळखला.

दुसरी रेघ या वेळी सावकाश आली नाही. पट्टी बुडवली आणि आली.

"ही कुनाची?" हरिओमनं विचारलं.

"टाकीमागच्या पाइपात होती," ती म्हणाली. "कुनाची ते रजिस्टरात बघा. त्याच्यात समद्यांची नावं हायत, एकाच माणसाचं न्हाई."

हरिओम खाली पट्टीकडे बघत राहिला. शहाणा पोरगा, माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं आत्ताच बोलून टाकावं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "कुणी तरी ठेवली असेल." दैवशाला आत गेली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मला माझीच एवढी शरम कधी वाटली नव्हती.

११ सप्टेंबर

सांगितलं.

सकाळी बाया आत जायच्या आधी त्यांना दाराशी थांबवलं. आठ जणी, दैवशाला आणि मी. सोसायटीत चोरी झाली की सेक्रेटरी आम्हा वॉचमन लोकांना असंच ओळीनं उभं करायचा. आज मीच उभं केलं आणि मीच चोर. म्हणालो, "तंबाखू माझी आहे. टाकीमागे खात होतो आणि तेच हात घेऊन तुमच्यात फिरत होतो. दोरासुद्धा दातानं तोडला. हा रोग माझ्या हातानं आला." फोनच्या फाइलचंही सांगून टाकलं, की ती माझ्याच फोनमधून गेली होती. एकदा बोलायला लागल्यावर कशाला राखून ठेवायचं.

त्यांच्यातली नंदाबाई म्हणाली, "आम्हाला वाटलंच होतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. म्हणजे टाकीमागून येणारा वास सगळ्यांना येत होता, फक्त मालकाला कोण सांगणार?

पाइपासकट पुडी जाळली. माझे कपडे, चपला, सगळं साबणाच्या पाण्यात. हरिओमनं सांगितलं, पुढचे पंधरा दिवस मी आत पाय ठेवायचा नाही. स्वतःच्या शेडनेटच्या दाराशी बसून मला आज दिवसभर हलकं हलकं वाटत होतं. डोकं मात्र तंबाखूवाचून ठणकत आहे.

१२ सप्टेंबर

मालनबाईच्या घरी गेलो. ती अंगणात मूग निवडत होती. मी म्हटलं, "काल सगळा उलगडा झाला. गैरसमज झाला होता. उद्यापासून या." ती मूग निवडत राहिली. शेवटी सुनेला म्हणाली, "त्यांना म्हनावं, बायांनी बोलावलंय म्हनून येते." मी तिच्या समोर दोन हातांवर बसलो होतो.

२३ सप्टेंबर

एक्क्याण्णव. हरिओम म्हणतो, घाबरू नका, ही आधी लागण झालेली झाडं आता दिसायला लागली आहेत. रोग अंगात शिरल्यावर पानावर उमटायला दहा-पंधरा दिवस घेतो. म्हणजे माझ्या हातांचं काम अजून पुरं झालेलं नाही. रोज सकाळी दैवशाला आतून बोटांनी आकडा दाखवते आणि मी बाहेर खुर्चीवर श्वास धरून बसतो. आज तिनं मूठ दाखवली. एकही नाही.

मालनबाई येते, काम करते, जाते. माझ्याशी बोलत नाही. काही लागलं तर शेजारणीला सांगते, "त्यांना म्हनावं दोरा संपला." सगळ्यांसमोर कबूल केलं, नाक घासायचं बाकी ठेवलं, आता अजून काय करायचं?

३ ऑक्टोबर

शहाण्णव.

७ ऑक्टोबर

शहाण्णवच. पंधरवड्याची मुदत संपल्यावर हरिओमनं आणखी वेळ दिला, त्याचे उपकार आहेत. दुधात हात बुडवून आता मीही आत जातो, दैवशाला दाराशी उभी राहून मोजते, नीट मनगटापर्यंत. दोरा नसलेली फळं तोडायचं काम चालू आहे. दोरेवाली फळं लाल व्हायला लागली आहेत. इतकी सुंदर दिसतात की जवळ जायला भीती वाटते.

मालनबाईसाठी तीर्थपुरीहून साडी आणली. तिनं घडीसुद्धा मोडली नाही, नंदाबाईच्या हाती परत पाठवली. दैवशाला म्हणाली, "साडी कशाला? बोला तिच्याशी."

"बोललो की सगळ्यांसमोर."

"ती होती का तिथं?"

नव्हती. पण तिला कळलं असेलच, गावात अशी गोष्ट राहते का? आता परत तेच ते उगाळून काय होणार?

१७ ऑक्टोबर

कंपनीची दोन माणसं आणि हरिओम. प्रत्येक ओळीतून पानं आणि फळं घेतली, पिशव्यांवर ओळीचा नंबर टाकला. आता प्रयोगशाळा काय म्हणेल ते. शहाण्णवच्या पुढे एकही झाड गेलेलं नाही. तरी बियाण्यात रोग उतरला असेल तर सगळं वाया. हरिओम जाताना म्हणाला, "काका, झोपत जा." माझ्या चेहऱ्यावर दिसतं वाटतं.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. सेक्रेटरीचा फोन आला, काय ठरलं? आठ दिवस द्या म्हटलं. घरात कुणी फराळाचं नाव काढलं नाही, तेव्हा दैवशालानंच उठून चकल्या केल्या. "रिझल्ट काही बी येऊ द्या, पोटानं काय केलं," म्हणाली. मी विचारलं, तुला पुडीचं कधी कळलं? म्हणाली, "पहिल्या दिवशी." मग बोलली का नाहीस? "शपथ माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती. वाटलं, मला काही झालं म्हंजी तरी सोडताल." ती हसत म्हणाली, पण मला हसता आलं नाही. तिच्या हातून चकलीचा साचा घेतला आणि उरलेल्या मी पाडल्या.

३० ऑक्टोबर

सकाळी अकरा वाजता हरिओमचा फोन. "काका, पास. सगळ्या ओळी पास. एक बी नमुना दोन रेघांचा न्हाई."

मी खुर्चीत बसलो आणि रडलो. लाज कसली, लिहून ठेवतो, पोटभर रडलो. दैवशाला लाल मिरच्या तोडत होती. तिनं हातातलं कॅरेट खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुण्याला फोन लावा." लावला. सेक्रेटरीला म्हटलं, साहेब, दुसरा माणूस बघा. एवढंच वाक्य. अकरा वर्षांत त्या माणसाला मी पहिल्यांदा नाही म्हणालो.

मग आत जाऊन बायांना सांगितलं. सगळ्या हसल्या, नंदाबाईनं हातातली मिरची हवेत उडवली. मालनबाई बाराव्या ओळीत उभी होती. नऊ आठवड्यांनंतर तिनं थेट माझ्याकडे बघून विचारलं, "माझ्या ओळी?"

"सगळा प्लॉट पास झाला, मालनबाई."

"समद्या प्लॉटचं न्हाई इचारलं. माझ्या ओळींचं इचारलं."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मधेच थांबलो. तिला रिपोर्ट नको होता. तंबाखू माझी, हे मी आठ जणींना सांगितलं होतं. पण ज्या दाराशी सगळ्यांसमोर रजिस्टर वाचून तिचं नाव घेतलं, तिथं ते नाव परत कधी काढून घेतलं नव्हतं. तिच्या घरीही 'गैरसमज' म्हणून मोकळा झालो होतो. साडीच्या घडीतही ते नव्हतं.

"तुमच्या ओळी चांगल्या होत्या," मी म्हणालो. आवाज मोठा काढला, पहिल्या ओळीपर्यंत जावा म्हणून. "तुम्ही होता तोवर त्यांच्यात एक झाड बिमार नव्हतं. तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. दोष माझा होता आणि नाव तुमचं घेतलं. तुम्हाला काढून त्या ओळींत मी माझे हात घातले, म्हणून ती एकोणीस झाडं गेली. मालनबाई, माझं चुकलं."

मालनबाईनं मान वळवून बाकीच्यांना विचारलं, "ऐकलं का गं समद्यांनी?"

"ऐकलं," नंदाबाई म्हणाली.

मालनबाई खाली वाकली आणि तोडायला लागली. मी तसाच उभा राहिलो, जावं की थांबावं कळेना. चार-पाच झाडं पुढे गेल्यावर ती मागे न बघता म्हणाली, "भाऊ, कॅरेट भरलं. उचला."

मी हात बुडवून आलो आणि उचललं.